नरसिंग यादव : मॅटबाहेरच निकाली निघालेली कारकीर्द

वाराणसी : भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाची निवडणूक एप्रिल २०२४ मध्ये वाराणसीत झाली. सात जागांसाठी आठ उमेदवार रिंगणात होते. निवडून आलेल्या सदस्यांनी आयोगाचे अध्यक्षपद नरसिंग पंचम यादव यांच्याकडे सोपवले. मूळ वाराणसी जिल्ह्यातील कुटुंबात जन्मलेले, मुंबईच्या जोगेश्वरीत वाढलेले आणि महाराष्ट्र केसरीची गदा सलग तीन वर्षे पटकावणारे हे मल्ल या निवडीमुळे देशातील कुस्तीगिरांचे अधिकृत प्रतिनिधी झाले. ज्या खेळाडूची ऑलिम्पिकची लढत आदल्या दिवशीच्या एका निकालाने हिरावली गेली, त्याच्यावर इतरांच्या हक्कांची राखण करण्याची जबाबदारी आली. त्यामुळे ही निवड केवळ एका पदापुरती राहत नाही. यादव यांच्या बाबतीत जे घडले, ते दुसऱ्या कुस्तीगिराच्या बाबतीत घडू नये, यासाठी भारतीय कुस्तीने गेल्या दशकभरात काय केले, हा प्रश्न तिच्या निमित्ताने उभा राहतो.

गंगाकाठ ते कांदिवली

वाराणसी आणि कुस्तीचे नाते जुने आहे. तुळशी घाटावरील स्वामीनाथ आखाड्यासारख्या आखाड्यांत आजही पहाटे जोर-बैठका चालतात आणि नागपंचमीला दंगली रंगतात. मात्र यादव यांची जडणघडण मुंबईची. पोटापाण्यासाठी उत्तर प्रदेशातून आलेल्या हजारो कुटुंबांप्रमाणे त्यांचे कुटुंबही या शहरात स्थिरावले. वडील दुधाच्या व्यवसायात होते. कांदिवलीच्या भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात प्रशिक्षक जगमाल सिंह यांच्या हाताखाली यादव मॅटवरील कुस्ती शिकले.

२०१० हे वर्ष त्यांना फळले. नवी दिल्लीतील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आणि त्यानंतर दिल्लीतच झालेल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत त्यांनी ७४ किलो फ्रीस्टाइल गटात सुवर्णपदके जिंकली. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे ते महाराष्ट्र केसरी ठरले. १९६१ पासून दिला जाणारा हा किताब गावोगावच्या तालमींमध्ये सर्वोच्च मानला जातो. तो लागोपाठ तीनदा मिळवणारे ते पहिले मल्ल. राज्य शासनाने त्यांना पोलीस दलात उपअधीक्षक पदावर नियुक्त केले. परप्रांतीय आणि भूमिपुत्र असा वाद राजकीय व्यासपीठांवर गाजत असतानाच्या काळात तालमीने मात्र पाहिली ती केवळ कुस्ती.

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये कॅनडाच्या मॅट जेन्ट्रीकडून पहिल्याच लढतीत त्यांचा पराभव झाला. २०१४ मध्ये इंचॉन आशियाई स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले. कारकिर्दीचा कळस आला तो सप्टेंबर २०१५ मध्ये, लास व्हेगास येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत. कांस्यपदकाच्या लढतीत फ्रान्सच्या झेलिमखान खाद्‌जिएव्हविरुद्ध ते ४-१२ असे पिछाडीवर होते. तेथून गुणांची बरोबरी साधत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केले. या पदकासोबत भारताला रिओ ऑलिम्पिकचा ७४ किलो गटातील कोटाही मिळाला. वादाची सुरुवात तेथूनच झाली.

कोटा कोणाचा?

ऑलिम्पिक कुस्तीत कोटा देशाला मिळतो, व्यक्तीला नाही. त्या जागेवर कोणाला पाठवायचे हे राष्ट्रीय महासंघ ठरवतो. कोटा मिळवणाऱ्यालाच पाठवण्याचा प्रघात भारतात होता. परंतु २०१३ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय संघटनेने वजनगटांची फेररचना केली आणि ६६ किलो गटात बीजिंगला कांस्य व लंडनला रौप्य जिंकणारे सुशीलकुमार ७४ किलो गटात आले. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी या गटात सुवर्णपदक मिळवले. दुखापतीमुळे लास व्हेगासच्या वेळी ते मैदानाबाहेर होते. रिओपूर्वी निवड चाचणी घ्यावी, या मागणीसाठी त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. निवड हा महासंघाचा अधिकार आहे आणि ऐनवेळी चाचणी घेतल्यास निवड झालेल्या खेळाडूच्या तयारीला बाधा येऊ शकते, हा विचार निकालामागे होता.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला; खेळाच्या दृष्टीने नाही. दोन ऑलिम्पिक पदके जिंकलेल्या खेळाडूला एक संधी मागावीशी वाटणे स्वाभाविक होते. ज्याने कोटा मिळवला त्याला तो गमावण्याची भीती वाटणेही तितकेच स्वाभाविक होते. दोघांपैकी कोणीही चुकीचे नव्हते. चुकीचे होते ते ऑलिम्पिक वर्ष उजाडेपर्यंत निवडीचा निकष सर्वांना आधी ठाऊक असलेल्या, लिखित स्वरूपात नसणे. ही उणीव पुढेही दिसत राहिली. २०२३ च्या आशियाई स्पर्धेसाठी बजरंग पुनिया आणि विनेश फोगाट यांना चाचणीतून सूट देण्यात आली, तेव्हा अंतिम पंघाल आणि सुजीत कलकल यांनी त्याच दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पॅरिस ऑलिम्पिकपूर्वी हंगामी समितीने अंतिम चाचणीची भाषा केली, तर महासंघाने मे २०२४ मध्ये चाचणी न घेता कोटाधारकांनाच पाठवण्याचे जाहीर केले.

सतरा दिवसांचा दिलासा

न्यायालयाचा निकाल लागून तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच २५ जून आणि ५ जुलै २०१६ रोजी सोनीपतच्या शिबिरात घेतलेल्या यादव यांच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन हे प्रतिबंधित स्टेरॉइड आढळले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी हेतुपुरस्सर हे द्रव्य मिसळले, असे यादव यांचे म्हणणे होते. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. पुढे हे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. महासंघ त्यांच्या पाठीशी उभा राहिला.

१ ऑगस्ट रोजी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, शिस्तपालन समितीने त्यांना निर्दोष ठरवले. २ जूनपर्यंतचे त्यांचे नमुने स्वच्छ होते आणि एकदाच घेतलेल्या मात्रेचा खेळाडूला उपयोग होत नाही, असा तर्क त्यामागे होता. देशभर आनंद व्यक्त झाला आणि यादव रिओला रवाना झाले. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडाने या निर्णयाला आव्हान दिले. १८ ऑगस्ट रोजी रिओतच क्रीडा लवादाच्या विशेष शाखेने सुनावणी घेतली आणि चार वर्षांची बंदी घातली. दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली लढत होती आणि समोर होता लास व्हेगासला चितपट झालेला तोच खाद्‌जिएव्ह.

लवादाने घातपाताचा दावा स्वीकारला नाही. २५ जूनच्या नमुन्यातील प्रमाण पाहता, पाण्यात मिसळलेल्या भुकटीपेक्षा गोळीच्या स्वरूपात द्रव्य घेतले गेल्याची शक्यता अधिक आहे, हे तज्ज्ञांचे मत लवादाने ग्राह्य धरले. यादव यांनी निर्दोषत्वाचा दावा कधीच सोडलेला नाही. मात्र उत्तेजकविरोधी नियमांचा पाया वेगळा आहे. शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी खेळाडूवरच असते आणि आपला दोष नाही, हे पुराव्यानिशी दाखवण्याचा भारही त्याच्यावरच असतो. कोणीतरी मिसळले, एवढे म्हणणे तेथे पुरत नाही. कोणी, केव्हा, कशात आणि किती, हे सिद्ध करावे लागते.

यातून दोन धडे निघतात आणि ते एकमेकांना पूरक आहेत. पहिला, मायदेशातील सहानुभूतीवर उभा राहिलेला निर्णय आंतरराष्ट्रीय कसोटीवर टिकत नाही. अशा निर्णयाने खेळाडूला केवळ सतरा दिवसांचा दिलासा मिळाला. दुसरा, पुराव्याचा भार खेळाडूवर असेल, तर त्याला पुरावा जपता येईल अशी व्यवस्था शिबिरात असलीच पाहिजे. स्वयंपाकघरात कोणाला प्रवेश आहे, पूरक आहार कोठून येतो, त्याची नोंद कोण ठेवते, या गोष्टी शिबिर चालवणाऱ्या यंत्रणेच्या हातात असतात, मल्लाच्या नव्हे.

दुसरी संधी कोणाला?

क्युबातील कामाग्वे येथे जन्मलेले व्यावसायिक मुष्टियोद्धे लुईस ऑर्टिझ यांची कारकीर्द तुलनेसाठी पाहण्यासारखी आहे. २०१४ मध्ये हेवीवेट गटातील एका विजयानंतर त्यांच्या नमुन्यात नॅन्ड्रोलोन आढळले आणि त्यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. २०१७ मध्ये पुन्हा प्रतिबंधित द्रव्य सापडल्याने डिऑन्टे वाइल्डरविरुद्धची ठरलेली लढत रद्द झाली. ते रक्तदाबाच्या औषधातून आले, असा त्यांचा खुलासा होता. तरीही मार्च २०१८ मध्ये ती लढत झाली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा एकदा झाली. दोन्ही वेळा ऑर्टिझ हरले. पण संधी दोनदा मिळाली.

व्यावसायिक मुष्टियुद्धात अनेक नियामक संस्था आणि अनेक किताब असतात. लढतीला प्रेक्षक असतील, तर तारीख पुन्हा ठरते. ही ढिलाई अनुकरणीय नाही. स्वच्छ खेळाडूंवर तो अन्याय आहे. पण दुसऱ्या टोकाला ऑलिम्पिक कुस्तीत चार वर्षांची बंदी म्हणजे एक संपूर्ण ऑलिम्पिक चक्र. सत्ताविसाव्या वर्षी बंदी आलेला मल्ल एकतिसाव्या वर्षी परततो, तेव्हा नियम तेच असतात, पण शरीर तेच राहिलेले नसते. डिसेंबर २०२० मध्ये बेलग्रेडच्या विश्वचषकात यादव पुन्हा मॅटवर उतरले. एप्रिल २०२१ मध्ये अल्माटीतील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले, परंतु ते ७९ किलो गटात. हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही.

नुकसान एका खेळाडूपुरते राहिले नाही. रिओत भारताची ७४ किलो फ्रीस्टाइलची जागा रिकामीच राहिली. टोकियो आणि पॅरिसमध्ये या गटात भारताला प्रवेशच मिळाला नाही. ऑलिम्पिकमध्ये या गटात भारताने खेळलेली शेवटची लढत म्हणजे २०१२ मध्ये लंडनला यादव हरले ती. ज्या गटासाठी एकेकाळी दोन तोलामोलाचे मल्ल न्यायालयापर्यंत गेले, त्या गटात पुढच्या दोन ऑलिम्पिकना पाठवायला देशाकडे कोणी नव्हते.

आयोगाची कसोटी

यादव ज्या आयोगाचे अध्यक्ष झाले, त्याची पार्श्वभूमीही वादाचीच आहे. महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर महिला कुस्तीगिरांनी लैंगिक छळाचे आरोप केले आणि २०२३ मध्ये जंतरमंतरवर आंदोलन झाले. सिंह यांनी आरोप नाकारले. मुदतीत निवडणूक न झाल्याने ऑगस्ट २०२३ मध्ये युनायटेड वर्ल्ड रेसलिंग या जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले. डिसेंबरमध्ये वाराणसीचे संजय सिंह अध्यक्षपदी निवडून आले. त्याच दिवशी साक्षी मलिक यांनी कुस्ती सोडल्याचे जाहीर केले आणि तीन दिवसांनी क्रीडा मंत्रालयाने महासंघाचे निलंबन केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक संघटनेने आपली बंदी उठवली, ती खेळाडू आयोगाची निवडणूक घेण्याच्या अटीवर. उमेदवार सक्रिय खेळाडू किंवा निवृत्तीला चार वर्षांहून अधिक काळ न झालेले असावेत, असेही बजावले. मंत्रालयाने निलंबन मागे घेतले ते मार्च २०२५ मध्ये. म्हणजे वाराणसीत निवडणूक झाली तेव्हा मूळ महासंघच आपल्या सरकारच्या लेखी निलंबित होता.

अशा परिस्थितीत जन्मलेल्या आयोगाकडे संशयाने पाहिले जाणे अटळ होते. २०१६ मध्ये ब्रिजभूषण सिंह यांच्या महासंघाने यादव यांची बाजू उचलून धरली होती, हेही लोकांच्या स्मरणात आहे. म्हणूनच आयोग महासंघाचा की खेळाडूंचा, याचे उत्तर कामातूनच द्यावे लागेल. त्यासाठीचे वातावरण पूर्वीपेक्षा अनुकूल आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांच्या कारभारात खेळाडूंना स्थान आणि क्रीडा तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण यांची तरतूद केली आहे. दुसरीकडे धोका वाढलेला आहे. वाडाच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी आढळले. २०२४ मध्ये ७,११३ पैकी २६० नमुने दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक असून, कुस्ती हा त्यात आघाडीवर असलेल्या खेळांपैकी एक आहे.

आयोगाला करता येण्याजोगी कामे स्पष्ट आहेत. निवडीचे निकष ऑलिम्पिक चक्राच्या आरंभीच लेखी जाहीर व्हावेत आणि मधेच बदलू नयेत, हे पहिले. शिबिरांतील आहार आणि पूरक द्रव्यांची नोंद ठेवली जावी, हे दुसरे. चाचणीत दोषी आढळलेल्या खेळाडूला पहिल्या दिवसापासून जाणकार कायदेशीर सल्ला मिळावा, हे तिसरे. यांपैकी एकही गोष्ट खर्चिक नाही आणि २०१६ मध्ये यांपैकी एकही धड अस्तित्वात नव्हती.

१९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक जिंकले, तेव्हा जाण्याच्या खर्चासाठी त्यांना वर्गणी गोळा करावी लागली होती. आजच्या मल्लाला तिकिटाची चिंता नाही. त्याला चिंता आहे ती नियमांची. नरसिंग यादव दोषी होते की नाही, यावर तालमींमध्ये वाद होत राहील. क्रीडा लवादाच्या दृष्टीने तो विषय संपलेला आहे. त्यांच्याकडे आता जे पद आहे, त्याचे मोजमाप या वादावरून होणार नाही. एखाद्या नवख्या मल्लाच्या दारात उद्या उत्तेजक चाचणीची नोटीस किंवा न्यायालयाची तारीख येऊन पडेल, तेव्हा त्याच्या पाठीशी आयोग उभा राहतो की नाही, यावरून ते होईल.