दुसरी गिटार कशाला?

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. "आजींना आता गिटारचं काय सुचलं?" असं म्हणाल. मी बी.ए. मराठीची, पण नातू शिकवतो आणि मी वहीत उतरवून घेते.

त्याच्या इलेक्ट्रिक गिटारला हंबकर पिकअप आहे. दुकानात त्याला सांगितलं, "पातळ, खणखणीत आवाज हवा तर सिंगल कॉइलची दुसरी गिटार घे. दणकट हवा तर याहून 'हॉट' हंबकर बसव." दोन्ही सल्ले मला साफ अमान्य!

हंबकर म्हणजे शेजारी शेजारी दोन कॉइल. त्यांची वेटोळी एकमेकींच्या उलट आणि चुंबकाची टोकंही उलट. त्यामुळे तारेचा सूर मिळून वाढतो आणि विजेची घरघर आपसात कटते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

म्हणजे आत दोन कॉइल आहेतच. डबल रीडच्या पेटीत दुसऱ्या आवाजासाठी आपण खुंटी ओढतो, दुसरी पेटी आणत नाही. इथेही सहा पायांचं एक छोटं बटण पुरतं. फक्त हंबकर चार तारा बाहेर काढलेला हवा, दोन तारांचा घेतला तर तो उघडावा लागतो.

बटण लावणारे बरेचजण एक कॉइल बंद करतात. आवाज पातळ होतो, पण घरघर परत येते. नागपूरचा मे महिना, शेजारी कूलर सुरू... करून बघा! त्यापेक्षा दोन्ही कॉइल समांतर जोडाव्यात. आवाज हलका, उजळ होतो आणि घरघरही कटलेलीच राहते. हुबेहूब सिंगल कॉइल होत नाही, हे कबूल. पण घरच्या रियाजाला दुसऱ्या गिटारचा खर्च करावा इतका फरक मला तरी ऐकू येत नाही.

राहिला 'हॉट' पिकअप. त्यात तारेचे वेढे जास्त, म्हणून जोर जास्त आणि वरच्या सुरांची धार कमी. जोर अँप्लिफायरवर वाढवता येतो, गेलेली धार परत आणणं कठीण. भाजीत मीठ वरून घालता येतं, काढता येत नाही.

माझा खरा राग वेगळाच आहे. मुलं विचारायला येतात आणि आपण त्यांना विकत घ्यायला शिकवतो, उघडून बघायला नाही.

असो. बटण आणलंय. रविवारी सोल्डरिंग आहे, चष्मा पुसून ठेवलाय.