झिजलेल्या खिळ्यांचे मोल

लग्नसराईत मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावीही पत्रिकांवर आणि दुकानांच्या पाट्यांवर मुद्दाम झिजविलेले अक्षर दिसू लागले आहे. कडा खरबरीत, मध्येच शाई न लागल्यासारखे पांढरे ठिपके. आजोबांच्या काळातील छापील पानावरूनच ते उचलले असावे, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः ते संगणकावर घडलेले असते.

ही हौस नवी नाही. शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फौंड्रीने १८९० च्या दशकाअखेरीस 'फिफ्टीन्थ सेंच्युरी' नावाचा खडबडीत कडांचा रोमन टाईप कोरा करकरीत विकावयास काढला. पुढे त्याचे 'कॅस्लॉन अँटिक' असे बारसे झाले. अठराव्या शतकातील इंग्रज कारागीर कॅस्लॉन याच्याशी त्याचा संबंध नावापुरताच! मागणी जुनेपणाला असली की बाजार तो नव्यानेच पुरवितो.

तेव्हा आक्षेप हौसेला नाही, उसनवारीला आहे. रोमन अक्षराच्या टोकांना पाय फुटलेले असतात. ते झिजतात, बोथट होतात. देवनागरीचे तसे नव्हे. तिचे जाडबारीक वळण बोरूच्या तिरप्या कातातून आलेले. छापताना तिची शिरोरेघ तुटे ती दोन खिळ्यांच्या सांध्यावर. आणि खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबणारे रफार, मात्रा, वेलांट्या आधी मोडत. जुन्या मराठी पुस्तकाचे पान निरखून पाहावे: अक्षराचा गाभा शाबूत, रेघेला मात्र फटी, आणि एखाद्या 'सर्व'चा 'सव' झालेला. इंग्रजी नमुन्याचे ठिपके शिंपडून हे साधत नाही.

ज्या वळणाची आठवण या नकलेमागे आहे, ते फुकट आलेले नव्हते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी अक्षरांचे ठसे कोरले. जोडाक्षरे धरता एकेका वळणाचे शेकडो ठसे. हे खरेखुरे भांडवल होते. ऑफसेट आल्यावर गावोगावच्या छापखान्यांतील खिळे शिशाच्या भावाने मोडीत निघाले. हिशेबात मालक चुकले नाहीत. वजनाला भाव होता, वळणाला गिऱ्हाईक नव्हते. आज गिऱ्हाईक आहे, पण वळण हाताशी नाही.

छापील पाने मात्र अजून आहेत. मोर्शी, वरूड, अचलपूर येथील वाचनालयांनी व महाविद्यालयांनी रद्दी काढण्यापूर्वी जुन्या ग्रंथांची मुखपृष्ठे आणि प्रकरणांची शीर्षके, म्हणजे मोठ्या टायपाची पाने, बारकाईने टिपून ठेवावीत. शेजारी छापखान्याचे नाव व साल नोंदवावे. हे काम विद्यार्थ्यांच्या हातून सुटीतही होईल. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने ती पाने एकत्र करून अक्षररचनाकारांना खुली केली, तर त्यांवरून बहुतेक वर्णमाला जुळविता येईल. 'ङ' आणि 'ञ' तेवढे शोधावे लागतील.