दुसऱ्या बाळाच्या वेळी

धाकट्या सुनेला जुळे आहे हे कळले आणि घराने निकाल देऊन टाकला: जुळे म्हणजे सिझेरियनच. खरेच तसे आहे?

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ देशांतील सुमारे २,८०० स्त्रियांच्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आहे. पहिल्या बाळाचे डोके खाली असेल, तर आधीच ठरवून सिझेरियन केल्याने बाळांचा धोका कमी झाला नाही. मृत्यू वा गंभीर आजाराचे प्रमाण सिझेरियन ठरवलेल्यांत २.२ टक्के, नैसर्गिक प्रसूती ठरवलेल्यांत १.९. मात्र या दुसऱ्या गटातल्याही सुमारे ४४ टक्के स्त्रियांवर अखेर शस्त्रक्रिया झालीच. मेख इथे आहे. पहिले बाळ सुखरूप आले तरी दुसरे आडवे फिरू शकते. मग ते पायाकडून काढणारा सरावाचा हात हवा, भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात खासगी रुग्णालयांतल्या ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या, सरकारीतल्या १४.३. (बँकेत दोन शाखांच्या आकड्यांत एवढी तफावत दिसती, तर मी खुलासा मागवला असता.)

सुनेने डॉक्टरांना एवढेच विचारले, "रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ कुठे असतील?"

"बोलवावे लागतील. चाळीस मिनिटे धरा."

तिने जिल्ह्याच्या गावी नाव नोंदवले.