विश्लेषण : पांढरकवड्यात पहाटे धावायचे तरी कुठे?

पोलीस भरतीची जाहिरात निघण्याची चाहूल लागली की विदर्भातील गावागावांत पहाटे रस्त्यावर धावणारी मुले-मुली दिसू लागतात. पांढरकवडा परिसराला खुनी नदीचा काठ आहे, केळापूरचे जगदंबा देवस्थान आहे, कापूस-तुरीच्या शिवारातून जाणारे पांदण रस्ते आहेत आणि थोड्या अंतरावर टिपेश्वरचे जंगल आहे. धावण्यासाठी इतका देखणा परिसर मोठ्या शहरांच्या नशिबी नसतो. तरीही सरावासाठी अनेकांची पावले वळतात ती नागपूर-हैदराबाद महामार्गाकडे. असे का होते आणि पर्याय कोणते?

महामार्गच का हवासा वाटतो?

कारण सरळ आहे. डांबर सपाट, रस्ता सरळ आणि किलोमीटरचे दगड आयते. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण असतात. पूर्ण गुणांसाठी पुरुष उमेदवाराने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत संपवावे लागते. म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग, तोही सलग. वीस सेकंद इकडेतिकडे झाले की गुण बदलतात. त्यामुळे मोजलेले अंतर ही उमेदवाराची खरी गरज असते, निसर्गसौंदर्य नंतर.

पण राष्ट्रीय महामार्ग ४४ हा श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा देशातील सर्वांत लांब महामार्ग आहे. त्यावर रात्रभर मालवाहू ट्रक धावतात आणि पहाट ही चालकाच्या डोळ्यांवर झापड येण्याची वेळ. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. भरतीचा सराव करणाऱ्यांना वाहनाने उडवल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतात, त्यामागे हे साधे गणित आहे. नाइलाजाने थोडे अंतर महामार्गाच्या कडेने जावेच लागले तर समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने, एका रांगेत आणि कानात इअरफोन न घालता जावे. सराव म्हणून मात्र तेथे धावूच नये.

राहिला प्रश्न अंतर मोजण्याचा. दुचाकीचा मीटर १०० मीटरच्या टप्प्याने आकडा बदलतो आणि ५ मिनिटे १० सेकंदांच्या वेगाने १०० मीटरला १९ सेकंद लागतात. म्हणजे मोजणीतली चूकच गुण खाऊ शकते. ५० मीटरच्या टेपने आठ वेळा मोजून ४०० मीटरच्या दोन्ही टोकांना चुन्याची खूण केली, की कोणताही शांत रस्ता सरावाला पुरतो.

नदीकाठ आणि केळापूरची वाट कशी आहे?

पैनगंगेला मिळणारी खुनी ही या भागाची नदी. नाव अंगावर येणारे असले तरी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात तिच्या काठाची पहाट धावणाऱ्यासाठी उत्तम असते. पावसाळ्यात मात्र चित्र पालटते. काळी माती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत पाय दुप्पट जड होतो. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे दिसले तरी ओलांडण्याचे धाडस करू नये. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात धावण्याचा मोह होतो, पण रेती आणि गोट्यांत घोटा मुरगळला तर भरती हातची जाते.

तालुक्याचे नाव केळापूर, मुख्यालय पांढरकवडा आणि केळापूर हे शेजारचे गाव, हा गोंधळ बाहेरच्यांना नेहमी होतो. जगदंबेच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या पायाखालची ही वाट रोजच्या हलक्या धावण्यासाठी चांगली. नवरात्रात पहाटेपासून भाविकांची गर्दी असते, तेव्हा ती त्यांच्यासाठी सोडावी. रविवारच्या लांब पल्ल्यासाठी खुनीवरील सायखेडा धरणाचा परिसर आहे. तेथे धावून घामाघूम झाल्यावर जलाशयात उतरणे टाळावे. काठाचा गाळ फसवा असतो.

पांदण रस्ते सुरक्षित आहेत का?

वाहनांच्या दृष्टीने हो. मुरूम टाकलेली पांदण गुडघ्यांना डांबरापेक्षा सोसते. धोका वेगळा आहे. रानडुकरांपासून पीक वाचवण्यासाठी काही ठिकाणी कुंपणात बेकायदा वीजप्रवाह सोडला जातो आणि त्यात माणसेही दगावतात. अंधारात पांदण सोडून धुऱ्यावर किंवा शेतात पाय टाकू नये. सापांसाठीही हाच नियम.

वाघाची भीती खरी की वाढवलेली?

दोन्ही. टी-१ किंवा अवनी या वाघिणीचे नाव या भागात कुणाला सांगावे लागत नाही. पांढरकवडा वन विभागात १३ जणांच्या मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. तिला मारणे योग्य होते का, यावर देशभर वाद झाला. त्या काळात शेतावर जाणेही लोकांनी कमी केले होते, मग धावणे दूरच.

त्यानंतर टिपेश्वरचेच एक नर पिल्लू वेगळ्या कारणाने गाजले. रेडिओ कॉलर लावलेला हा तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला, महाराष्ट्र आणि तेलंगणातून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याची एकूण भटकंती ३ हजार किलोमीटरच्या वर गेली. इतक्या प्रवासात तो शेते, नाले आणि रस्ते ओलांडत गेला. टिपेश्वर अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे आहे, पण वाघाला ती हद्द ठाऊक नसते.

धावणाऱ्यासाठी याचा अर्थ इतकाच की जंगलाकडचे रस्ते उजाडण्याआधी आणि दिवेलागणीनंतर वर्ज्य. वाघ आणि बिबट्या याच वेळी फिरतात आणि पळणारी आकृती त्यांच्या पाठलागाच्या वृत्तीला चेतवू शकते. वाघ दिसलाच तर पाठ फिरवून पळू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरकावे. ताशी साडेअठरा किलोमीटरचा वेग येथे कामाचा नाही.

गजर किती वाजताचा लावावा?

अनेक जण बाराही महिने साडेचारला उठतात. येथे जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सातच्या आसपास. म्हणजे तोच गजर हिवाळ्यात दोन तासांहून अधिक काळ अंधारात लोटतो. गजर घड्याळाला नव्हे, सूर्योदयाला बांधावा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो तेव्हा सूर्य वर येण्याआधी सराव आटोपावा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, पहिल्याच दिवशी वेग मारू नये. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर हे अंतर कमी करावे लागले, हे विसरता कामा नये.

यंत्रणेने काय करायला हवे?

चाचणी मैदानावर घ्यायची आणि सराव रस्त्यावर सोडायचा, ही विसंगती आहे. सिंथेटिक ट्रॅकची वाट पाहण्याची गरज नाही. मुरमाचा दाबलेला ४०० मीटरचा वर्तुळमार्ग, पाण्याचा निचरा, चार दिवे आणि एक नळ एवढे पुरे. मुलींसाठी तर दिव्यांशिवाय सरावाची जागा ही जागाच नव्हे. कुणाला सोबत आणावे लागते, सोबत मिळाली नाही तर त्या दिवशीचा सराव बुडतो. नगर परिषद, क्रीडा विभाग आणि शाळांची मैदाने यांपैकी कुणीही हे करू शकते. तूर्तास शाळांनी पहाटे पाच ते सात फाटक उघडे ठेवले तरी महामार्गावरची रांग कमी होईल.