हातचा, हासिल आणि चार शून्यं

‘मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, मग सर, पोरांकडून हातच्याचे गुणाकार कशाला करून घेता?’ पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. आता त्यात कोडिंगची भर पडली आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीच्या टप्प्यापासून कोडिंग आलं, तसं हातच्याचं गणित अनेकांना जुनाट वाटू लागलं. मला उलट वाटतं. कोडिंग शिकवायचं असेल तर हातचा आधी पक्का हवा.

शिक्षकांना रोज दिसणारं उदाहरण घ्या. ‘सरल’मधला विद्यार्थ्याचा आयडी १९ अंकी. तो एक्सेलमध्ये साध्या रकान्यात टाइप केला की आधी ‘ई+१८’ असं काहीतरी दिसतं, आणि रकाना मोठा करून फॉरमॅट बदलला की शेवटचे चार अंक शून्य! एक्सेल १५ अंकच धरून ठेवतं, पुढचे सोडून देतं. एकाच शाळेतल्या मुलांचे आयडी बहुतेक शेवटाकडेच वेगळे होतात. म्हणजे रुखसाना, सलमान आणि संदीप तिघंही एकच विद्यार्थी! मग शिष्यवृत्तीची यादी जुळत नाही, आणि दोष मुलाच्या कागदपत्रांना दिला जातो. रकाना आधी ‘टेक्स्ट’ केला की हे टळतं. आयडीची बेरीज कुणाला करायची आहे? ते त्या मुलाचं नाव आहे, फक्त अंकांत लिहिलेलं.

पण खरोखर हिशोब करायचा असेल तर? इथे मला देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर आठवतात. ६१७४ मुळे जगाला माहीत झालेले, १९६२ ला निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवणारे. एककांच्या ओळींचे वर्ग त्यांच्या आवडीचे. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एककांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं. डेम्लो हे रेल्वे स्टेशनचं नाव, आजचं डोंबिवली.

हाच वर्ग जावास्क्रिप्टला विचारा. उत्तर शेवटी ३२१ ऐवजी ३२०. एक्सेल म्हणेल ३००. दोघंही बिनधास्त, कुठे लाल खूण नाही. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच प्रत्येक पूर्णांक नीट सांभाळते, त्यापुढे जवळचा आकडा देऊन मोकळी होते. (त्यासाठी तिथे आता ‘बिगइंट’ हा वेगळा प्रकार आहे.) चौथीचं मूल मात्र ही चूक पकडेल. एकक स्थानी १ गुणिले १, उत्तराच्या शेवटी ० येईलच कसं?

पायथन हाच गुणाकार अचूक करतं. कसं? आपल्याच पद्धतीने. मोठी संख्या तुकड्यांत मांडायची, तुकड्यांचा गुणाकार करायचा, हातचा पुढच्या घरात न्यायचा. फरक इतकाच की आपल्या एका घरात ९ पर्यंत मावतं, पायथनच्या घरात सहसा १,०७,३७,४१,८२३ पर्यंत. घरं हवी तितकी वाढवता येतात, मेमरी संपेपर्यंत.

उर्दू वर्गात या हातच्याला आम्ही ‘हासिल’ म्हणतो. उर्दूची ओळ उजवीकडून चालते, आकडा मात्र डावीकडून लिहिला जातो. पाहुण्यांना याची गंमत वाटते. पण ओळीच्या दिशेने येणाऱ्या नजरेला आधी एककच भेटतो, आणि बेरीज तिथूनच सुरू होते. पायथनही आतमध्ये सगळ्यात लहान तुकडा पहिला ठेवतं.

संख्या फारच मोठ्या झाल्या की पायथन दुसरी रीत वापरतं. १९६० मध्ये मॉस्कोत कारात्सुबा नावाच्या २३ वर्षांच्या तरुणाने शोधलेली. चार छोट्या गुणाकारांचं काम तीनमध्ये. पण तीही घरं आणि हातचे यांवरच उभी आहे, आणि ज्याला चारवाली रीत येत नाही त्याला तीनची गंमत कळणार नाही.

म्हणून कोडिंगच्या पहिल्या तासाला माझी मागणी साधी आहे. कॉम्प्युटर बंद ठेवा. मुलांना चौकटीच्या वहीत नऊ एककांचा वर्ग करू द्या, पान भरलं तरी चालेल. मग तोच एक्सेलमध्ये, मग पायथनमध्ये. तीन उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि विचारा, यातलं खरं कोणतं, आणि तुला कसं कळलं?