आधी विचार, मग माऊस

मैत्रिणींनो, तुमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर कोणता, असं विचारलं तर काय सांगाल? टेबलावरचा नव्हे, ओट्यावर चार्जिंगला लावलेला तुमचा मोबाइल! पोळ्या होईपर्यंत गप्प बसावं म्हणून तो दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या हातात जातो. त्यात आपले फोटो असतात, सगळ्या नातेवाइकांचे नंबर असतात, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. कित्येक घरांत तर यूपीआयचा पिन आजोबांना माहीत नसतो, पण नातवाला तोंडपाठ असतो. एवढी किल्ली मुलांच्या हाती देतो, पण ती जपून वापरायला शिकवायचं कुणी? आपण म्हणतो शाळेने, शाळा म्हणते घरच्यांनी.

शाळेत कॉम्प्युटरचा तास असतो, नाही असं नाही. पण आमच्या मुलुंड-घाटकोपरकडच्या मुलांच्या वह्या मी पाहते, तेव्हा त्यात बहुतेक व्याख्याच सापडतात. सीपीयू म्हणजे काय, की-बोर्डचे भाग किती, अमुक शब्दाचं पूर्ण रूप लिहा. पाठ करायचं, पेपरात उतरवायचं, मार्क मिळवायचे. गेम खेळताना अनोळखी माणसाने “कुठल्या शाळेत जातेस?” असं विचारलं, तर काय करायचं हे त्या वहीत कुठेच नसतं.

गंमत म्हणजे याला चांगलं उत्तर आमच्याच उपनगरात तयार झालं आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही शाळकरी मुलांसाठीची पुस्तकं तयार केली. २०१० मध्ये शाळांसाठी नमुना अभ्यासक्रमही मांडला. तेजस आणि ज्योती ही दोन मुलं आणि मॉझ नावाचा उंदीर यांच्या गप्पांतून विषय पुढे सरकतो. यात भर बटणं पाठ करण्यावर नाही, विचार करण्यावर आहे. एखादं काम पायरीपायरीने कसं मांडायचं हे आधी, मग ‘स्क्रॅच’सारख्या सोप्या भाषेत स्वतःची गोष्ट किंवा खेळ तयार करायचा. स्क्रीनसमोर कसं बसावं, इंटरनेट जबाबदारीने कसं वापरावं, हेही त्याच अभ्यासाचा भाग. सुरक्षितता म्हणजे वेगळं व्याख्यान नव्हे.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ‘हे केलं तर पुढे काय होईल?’ असा विचार करायची सवय लागलेलं मूल तोच प्रश्न अनोळखी लिंकवर बोट ठेवण्याआधीही स्वतःला विचारतं. नुसतं ‘हे करू नको, ते करू नको’ सांगितलेलं मूल मात्र आपली पाठ फिरली की करून बघतं!

आणि मग काही बिघडलं की? आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत एका आईने सांगितलं. चौथीतल्या तिच्या मुलीला गेममधून कुणीतरी फोटो मागत होतं. मुलीने ते आईला नाही, मावसबहिणीला सांगितलं. का? “आई मोबाइल काढून घेईल.” बैठकीत क्षणभर कुणी बोललंच नाही. कारण त्या जागी आपण असतो तर पहिलं तेच केलं असतं, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. फसवणारा माणूस मुलांच्या अज्ञानावर जगतो, त्याहून जास्त त्यांच्या भीतीवर जगतो.

त्यात मुलगी असेल तर शिक्षा दुहेरी. चूक दुसऱ्याची आणि फोन बंद होतो तिचा. ग्रामीण भागाच्या ‘असर’ २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी जवळपास ९० टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. पण तो वापरता येतो असं सांगणारे मुलगे ८५ टक्क्यांवर, तर मुली ७९ टक्क्यांच्या आसपास होत्या. एकूण ७६ टक्के मुलांनी त्या आठवड्यात सोशल मीडिया पाहिला होता, अभ्यासासाठी फोन वापरणारी मात्र ५७ टक्केच. म्हणजे दार उघडंच आहे. ते बंद करून मुली सुरक्षित होत नाहीत, फक्त मागे राहतात.

मग आपण काय करायचं? फार शिकलेलं असायला हवं असं मुळीच नाही. लहान मुलाला चारच गोष्टी सांगा. नाव, शाळा, पत्ता, फोटो अनोळखी माणसाला द्यायचा नाही. ओटीपी आणि पिन कुणालाही सांगायचा नाही. ‘आईला सांगू नकोस’ असं कुणी म्हणालं, तर नेमकं तेच आधी आईला सांगायचं. आणि चौथी गोष्ट आपल्यासाठी: मुलाने सांगितलं की ओरडायचं नाही. मेसेज पुसू नका, तो पुरावा असतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० लावा.

दुसरं काम शाळेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. बऱ्याच ठिकाणी या बायकांची फक्त सही लागते. पुढच्या सभेत सहीआधी एक प्रश्न विचारा: “आमच्या मुलांना कॉम्प्युटरच्या तासाला काय शिकवता? अनोळखी मेसेज आला तर काय करायचं, हे त्यात आहे का?” नसेल तर लावून धरा. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी एमएस-सीआयटी केलंय. ते सर्टिफिकेट कपाटातून काढा आणि महिन्यातून एक तास शाळेत द्या.

रस्ता ओलांडायला आपण मुलांचा हात धरून शिकवलं. रहदारी आहे म्हणून त्यांना जन्मभर घरात कोंडलं नाही. हा रस्ताही तसाच शिकवायचा आहे.