दहीहांड्याला समुद्र नाही

अकरावीच्या प्रवेशाच्या दिवसांत ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीशी उभं राहिलं की दर वर्षी एक वाक्य कानावर येतं : "का करता सर, मार्क कमी पडले, टाकलं पोराले आर्ट्सले." त्यात पोरानं इतिहास घेतला तर बापाचा चेहरा आणखी उतरतो. सनावळ्या पाठ करून पोट भरतं का, हा एक आक्षेप. दुसरा, वऱ्हाडात इतिहास घडलाच कुठं? तो पुण्या-साताऱ्याकडचा.

पोटाचं आधी. इतिहासानं नोकरी लागेलच असं नाही, कबूल. पण नीटच्या शिकवणीला पैसे मोजलेल्या सगळ्याच पोरांना कुठं डॉक्टरकी मिळते? अकोल्यातल्या फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो असतात. ज्यांचे फोटो नाहीत ती पोरं किती, हे विचारायची सवय इतिहास लावतो.

इतिहासाचे कैवारी 'एमपीएससीला कामी येतो' म्हणतात, तेव्हा मला त्यांचीच जास्त भीती वाटते. त्या हिशेबात पुन्हा सनावळ्याच उरतात. गाइडातली 'कारणे द्या' मीही काही वर्षं घोटून घेतली आहेत. त्यातलं पोरांच्या डोक्यात काही राहिलं नाही.

दुसरा आक्षेप मात्र शुद्ध अज्ञान आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड इंग्रजांच्या हाती पडला. चिखलदऱ्याच्या सहलीत पोरं त्याच गडावर सेल्फी काढून परततात. १८५३ मध्ये निजामानं फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं आणि १९०२ मध्ये ते वर्षाला २५ लाखांवर कायमचं मक्त्यानं गेलं. अख्खा मुलूख कर्जापायी हातचा जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरचा सातबारा सोसायटीच्या बोजाखाली आहे त्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

एकदा वर्गात विचारलं, "१९३० मध्ये आपल्या दहीहांड्यालाही मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र नाही, मग मीठ आलं कुठून?" कुणी म्हणालं, मुंबईहून पोती आणली असतील. पूर्णाकाठच्या एका गावची पोरगी मागच्या बाकावरून बोलली, "सर, आमच्या इहिरीचं पाणी खारंच असते. गंजात आटवलं का बुडाशी पांढरं राह्यते." दुसऱ्या दिवशी ती खपली कागदाच्या पुडीत घेऊन आली. पुडी वर्गभर फिरली, एकानं जिभेला लावून तोंड वाकडं केलं. मग प्रश्न आपसूक निघाले. ज्या पाण्यानं पीक जळतं त्याच्यावर सरकारचा एवढा डोळा का? आमच्या गावचे कोण गेले होते? जे गेले नाहीत ते का नाही गेले? खारपाणपट्ट्यात जन्म काढलेल्या पोरांना आपली विहीर दांडीच्या गोष्टीत सापडली.

आता अस्मितावाल्यांनी खूश होऊ नये. अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना जाऊ द्यावं म्हणून १९२७ मध्ये चळवळ झाली, पंजाबराव देशमुख तिच्या पुढारपणात होते. दार अडवणारेही वऱ्हाडीच होते. अभिमानापुरता इतिहास शिकवला की नेमकं हे शेवटचं वाक्य गळतं. 'वेगळा विदर्भ' म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांनी आणि त्यांच्यावर तुटून पडणाऱ्यांनीही ऑगस्ट १९४७ चा अकोला करार एकदा वाचला असता, तर भांडण निदान मुद्द्यावर झालं असतं.

बारावीच्या इतिहासात प्रकल्पाला गुण आहेत. झेरॉक्सच्या दुकानात तो तयार मिळतो, तेच मुखपृष्ठ, तेच ऋणनिर्देश. सर-मॅडम, यंदा तो स्वीकारू नका. पोरांना आज्याजवळ बसवा, गावच्या विहिरीवर धाडा. दहीहांडा अकोल्याहून तासाभराच्या वाटेवर आहे.